दगडाचा जन्मदाखला

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या आजोळी, काटोल तालुक्यातल्या एका लहानशा गावी, मामांच्या लोखंडी पेटीत लाल फडक्यात बांधलेला एक काळा दगड आहे. मोठ्या संत्र्याएवढा, हाताला जड आणि एका अंगाने गुळगुळीत. तो तिथे कसा आला, याची हकीकत सांगितल्याशिवाय या लेखाला सुरुवात करता येणार नाही.

२२ मे २०१२ ची ती दुपार. उन्हाळ्याच्या सुटीत मी आजीकडे गेले होते. वय वर्षे सात. जेवणे आटोपून मंडळी पडली होती, तोच आकाशात प्रचंड गडगडाट झाला. वीज म्हणावी तर पाऊसपाणी काही नाही. दोन-तीन दिवसांत उलगडा झाला. काटोल परिसरात उल्कापाषाण पडले होते! नागपूरहून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी आले आणि शेतांतून, वस्त्यांतून त्यांनी तुकडे गोळा केले. मग काय विचारता! गावातील लहानथोर मान खाली घालून वावरे धुंडाळू लागले. मामांना बांधावर हा दगड सापडला. त्यांनी तो कोणालाही न दाखवता पेटीत ठेवला आणि तिथेच तो तेरा वर्षे राहिला.

गेल्या वर्षी संत्र्याचा बहार गळाला. मामेबहिणीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता तोंडावर आला. त्याच सुमारास वर्तमानपत्रात बातमी झळकली की, न्यूयॉर्कमध्ये मंगळावरून आलेल्या एका दगडाला लिलावात सुमारे ५३ लाख डॉलर, म्हणजे आपल्या चलनात पंचेचाळीस कोटींच्या घरात किंमत आली. दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन आला. "तू भूगोल शिकतेस नं? मंग आपल्या गोट्याचं काय येते ते पाय."

मित्रहो, त्या एका फोनने मला जो अभ्यास करावा लागला, त्याचे सार येथे मांडते आहे. आकाशातून पडलेल्या दगडांचा जगभर एक रीतसर बाजार आहे, त्याचे कायदे आहेत, शौकीन आहेत आणि लबाडही आहेत. पण या साऱ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे : दगडाजवळ जन्मदाखला आहे की नाही?

उल्का आणि उल्कापाषाण

रात्री आपण "तारा तुटला" म्हणतो, तो तारा नसतो. अवकाशात फिरणारा एखादा कण किंवा खडा प्रचंड वेगाने वातावरणात शिरतो आणि पेटल्यासारखा उजळून निघतो, ती उल्का. बहुतेक उल्का वरच्यावर संपून जातात. एखादी मोठी असली तर तिचा उरलेला भाग जमिनीवर पोहोचतो, तो उल्कापाषाण. त्यालाच अशनी असेही म्हणतात.

दगड आकाशातून पडतात ही गोष्ट विद्वानांना फार उशिरा पटली. १४९२ साली अल्सेस प्रांतातील एन्सिसहाइम गावी सव्वाशे किलोंहून अधिक वजनाचा दगड पडला. लोकांनी त्याचे तुकडे तोडायला सुरुवात केली, तेव्हा उरलेला दगड चर्चमध्ये नेऊन ठेवण्यात आला. आपल्याकडे १६२१ साली जालंधरच्या बाजूला लोखंडी अशनी पडला. बादशहा जहांगीराने त्यात साधे लोखंड मिसळून तलवारी व खंजीर घडवून घेतले आणि आत्मचरित्रात तशी नोंद केली. त्यांपैकी एक पाते आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. सामान्य माणसाने हे दगड डोळ्यांनी पाहिले होते, पण पंडित मंडळी मात्र "गावंढळांच्या गप्पा" म्हणून ते उडवून लावीत. १७९४ साली क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हे दगड पृथ्वीबाहेरचे असल्याचे मांडले. पुढे १८०३ साली फ्रान्समधील लेगल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. तरुण शास्त्रज्ञ बिओ यांनी गावोगाव हिंडून साक्षी नोंदवल्या, तेव्हा कुठे शंका मिटल्या. शेतकऱ्याचे म्हणणे खरे ठरायला बिओसारखा गावोगाव फिरणारा माणूस लागला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दगडांच्या जाती

उल्कापाषाणांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात : पाषाणी, लोखंडी आणि दोहोंचे मिश्रण असलेले. पडताना पाहिलेल्या दगडांत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक पाषाणी असतात. त्यांतले बहुसंख्य 'कॉन्ड्राइट' म्हणजे मोहरी-बाजरीच्या दाण्यांएवढे गोल कण पोटात असलेले. हे कण सूर्यमाला घडत असताना वितळून थिजले. लोहाच्या प्रमाणावरून साध्या कॉन्ड्राइटचे एच, एल आणि एलएल असे गट करतात. मूळ द्रव्य उष्णतेने किती बदलले, हे त्यापुढील अंक सांगतो. आमच्या काटोलचा दगड 'एल ६' आहे, म्हणजे लोह कमी आणि उष्णतेने चांगलाच भाजून निघालेला.

कार्बनयुक्त कॉन्ड्राइट त्याहून दुर्मीळ. १९६९ हे वर्ष या बाबतीत भाग्याचे ठरले. फेब्रुवारीत मेक्सिकोत अलेंदे आणि सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे असे दगड पडले. अलेंदेतील पांढरट कणांसारख्या कणांचे वय सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षे भरले. सूर्यमालेत घन पदार्थ बनू लागला तो हा काळ. मर्चिसनमध्ये अमिनो आम्ले सापडली. राजस्थानात जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे ६ जून २०१७ रोजी पडलेला दगडही याच कार्बनयुक्त कुळातला.

लोखंडी अशनी कापून, घासून त्यावर आम्ल लावले की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी उमटते. निकेलमिश्रित लोखंड लक्षावधी वर्षे अतिशय संथपणे थंड होत गेले, म्हणून ती तयार झाली. कोणत्याही कारखान्यात ती बनवता येत नाही. पॅलेसाइट जातीत लोखंडाच्या जाळीत ऑलिव्हीनचे पिवळसर हिरवे स्फटिक जडवलेले असतात. पातळ काप उजेडासमोर धरला तर रंगीत काचेच्या खिडकीची आठवण व्हावी.

सर्वांत दुर्मीळ ते चंद्र आणि मंगळ यांच्यावरचे. बिहारमध्ये २५ ऑगस्ट १८६५ रोजी शेरघाटी येथे एक दगड पडला. तो इतरांहून इतका वेगळा होता की त्याच्या नावाने 'शेरगॉटाइट' ही जातच रूढ झाली. तो कोठला, हे कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळाच्या हवेचे मापन केले. त्याच कुळातील अंटार्क्टिकातल्या एका दगडात कोंडलेला वायू त्या हवेशी जुळला, हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. बिहारच्या मातीत पडलेला तो खडा मंगळाचा होता!

नामकरणाचा विधी

वर्गीकृत उल्कापाषाण म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे. १९३३ साली स्थापन झालेली उल्कापाषाणांच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, मीटिऑरिटिकल सोसायटी. तिची नामकरण समिती प्रत्येक नव्या दगडाला अधिकृत नाव देते. प्रयोगशाळेत दगडाचा पातळ छेद घेऊन खनिजांची रासायनिक तपासणी होते, त्याची जात ठरते आणि सारी माहिती समितीपुढे जाते. एक अट मात्र कडक आहे. नमुन्याचा काही भाग, म्हणजे २० ग्रॅम किंवा एकूण वजनाचा पाचवा हिस्सा यांपैकी जे कमी असेल तेवढा, एखाद्या मान्य संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. पुढे कोणाला शंका आली तर पडताळून पाहण्यासाठी.

नाव पडते ते गावाचे. काटोल, धजाला, मुकुंदपुरा, शेरगॉटी. सापडणाऱ्याचे नाव दगडाला मिळत नाही, गावाचे मिळते. मला ही पद्धत फार आवडली. पण सहारा वाळवंटात हजारो दगड सापडू लागले, तेव्हा गावे कोठून आणायची? म्हणून तिथल्या पुष्कळशा दगडांना 'नॉर्थवेस्ट आफ्रिका' या नावापुढे क्रमांक देतात. त्यातले पुष्कळसे भटक्या जमातींनी वेचलेले आणि हातोहात बाजारात आलेले. ते मोरोक्कोचे की अल्जीरियाचे की मालीचे, हेही पुष्कळदा सांगता येत नाही. जात कळली, पण जन्मगाव हरवले, अशी त्यांची स्थिती.

माझ्याकडे अशांपैकी एक आहे. आकाशनिरीक्षण करणाऱ्या एका ज्येष्ठ संग्राहकांकडून, निबंधस्पर्धेच्या बक्षिसाच्या हजार रुपयांत, मी सहा ग्रॅमांचा एक काप घेतला. नाव 'नॉर्थवेस्ट आफ्रिका ८६९'. या दगडाचे दोन टनांहून अधिक तुकडे सापडले आहेत, म्हणून तो माझ्यासारखीच्या आवाक्यात आला. त्या इवल्याशा कापात राखाडी गोल दाणे आणि लोखंडाचे चमकते ठिपके दिसतात. पहिल्या रात्री मी तो उशाशी घेऊन झोपले, हे कबूल करायला हरकत नाही.

किंमत कशाची?

२०२५ पर्यंत जगात ७७ हजारांहून अधिक उल्कापाषाणांची अधिकृत नोंद झाली होती. त्यांपैकी मंगळाचे सुमारे चारशे. निम्म्याहून अधिक नोंदी अंटार्क्टिकातील आहेत. ते संशोधनासाठी जपले जातात, बाजारात येत नाहीत. त्यामुळे किंमत ठरते ती जात, त्या जातीचे एकूण उपलब्ध वजन, दगडाची अवस्था आणि इतिहास यांवरून. पडताच उचललेला ताजा दगड वाळवंटात शतकानुशतके गंजलेल्या दगडापेक्षा महाग. साधा कॉन्ड्राइट ग्रॅमला एक-दोन डॉलरना मिळतो, तर चंद्र-मंगळाच्या दगडाला त्याच्या शेकडो पट मोजावे लागतात.

इतिहासाचे मोल समजून घ्यायचे तर दोन माणसांची ओळख करून द्यायला हवी. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एलायझा किंबर्ली नावाची शेतकऱ्याची बायको होती. नांगराला अडणारे जड काळे दगड ती बांधावर रचून ठेवी. घरचे, शेजारचे हसत. शाळकरी वयात तिने एक उल्कापाषाण पाहिला होता, म्हणून तिचा विश्वास ढळला नाही. तिने पत्रांवर पत्रे लिहिली. अखेर १८९० साली एक प्राध्यापक येऊन पाहतात तो काय, दगड खरोखरच आकाशातले! तेच प्रसिद्ध ब्रेनहॅम पॅलेसाइट. लोकांनी त्यांचा उपयोग गवताच्या गंजीवर वजन म्हणून केला होता.

दुसरे हार्वे निनिंजर. हे एका लहान महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. १९२३ साली त्यांनी एक तेजस्वी उल्का पाहिली आणि त्या क्षणापासून त्यांचे आयुष्य पालटले. गावोगाव, शाळाशाळांतून व्याख्याने देऊन ते शेतकऱ्यांना दगड ओळखायला शिकवीत आणि खरा निघाल्यास पैसे देऊन विकत घेत. १९३० साली, ऐन मंदीत, त्यांनी नोकरी सोडली. आपल्या नमुन्यांवर ते स्वहस्ते क्रमांक रंगवीत. पुढे त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियम आणि अॅरिझोनातील विद्यापीठ यांनी घेतला. आज त्यांचा रंगीत क्रमांक असलेला तुकडा मिळाला तर संग्राहक जादा पैसे मोजतात. म्हणून जुनी चिठ्ठी कधी फाडू नये आणि जुना क्रमांक कधी पुसू नये.

घेणाऱ्याने काय पाहावे?

माझ्या अनुभवातून आणि वाचनातून काही गोष्टी सांगते. पहिली, दगडाचे नाव व क्रमांक विचारावा आणि तो अधिकृत नोंदीत स्वतः पडताळावा. जात, एकूण वजन, वर्गीकरण कोणी केले आणि नमुना कोठे ठेवला आहे, हे सारे तिथे असते. दुसरी, विकणाऱ्याकडून सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यावी, पूर्वीच्या मालकांची नावे मिळाली तर उत्तम. तिसरी, दगड मूळ देशातून कसा बाहेर आला ते विचारावे. उत्तर देताना विकणारा अडखळला तर आपण उठावे. चौथी, "लोणारचा अशनी" म्हणून कोणी काही विकत असेल तर हसून पुढे जावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर जगप्रसिद्ध आहे, पण ते घडवणाऱ्या अशनीचा विकण्याजोगा तुकडा काही सापडलेला नाही.

पाचवी गोष्ट लोहचुंबकाची. चुंबक लावून दगड ओळखावा, असे सर्रास सांगतात. पण मॅग्नेटाइटमुळे आपला काळा बसाल्टही चुंबकाला थोडी ओढ दाखवतो आणि भट्टीतली मळीही. उलट, जोरदार चुंबक लावल्याने खऱ्या उल्कापाषाणात कोट्यवधी वर्षे जपलेली प्राचीन चुंबकक्षेत्राची खूण पुसून जाते. वाळवंटातून आलेल्या मंगळाच्या काही मौल्यवान दगडांचे असेच नुकसान झाल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यापेक्षा पातळ काळी साल आहे का, अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे आहेत का, कोपरा किंचित घासल्यावर धातूचे ठिपके दिसतात का, हे पाहावे. बुडबुड्यांची भोके दिसली तर तो बहुधा मळीचा गोळा समजावा. आणि नमुना घरी आणल्यावर कोरड्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावा. आपल्या पावसाळ्यात लोखंडी अशनी पाहता पाहता गंजतो.

दगड कोणाचा?

आता त्या पंचेचाळीस कोटींच्या दगडाकडे येऊ. त्याचे नाव 'नॉर्थवेस्ट आफ्रिका १६७८८', वजन २४ किलो ६७० ग्रॅम. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो नायजर देशाच्या आगादेझ भागात सापडला आणि जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला विकला गेला. त्यानंतर नायजर सरकारने चौकशी सुरू केली : आमच्या भूमीवरचा हा ठेवा बाहेर गेला कसा? प्रश्न रास्त आहे. ज्याने वाळूतून तो उचलला, त्याला किती मिळाले असतील, हाही प्रश्न मनात येतोच.

देशोदेशींचे कायदे वेगळे आहेत. अमेरिकेत खासगी जमिनीवर पडलेला दगड जमीनमालकाचा. अर्जेंटिनाने २००७ साली कायदा करून असे दगड राष्ट्रीय ठेवा ठरवले. डेन्मार्कमध्ये दगड सरकारजमा करावा लागतो, पण सापडणाऱ्याला मोबदला मिळतो. मला ही तिसरी रीत सर्वांत शहाणपणाची वाटते. शेतकऱ्याला काहीच मिळत नसेल, तर तो दगड पेटीत लपवणार किंवा चोरवाटेने विकणार. तसे झाले तर शास्त्राचे काय नुकसान होते, याचे उदाहरण काटोलच देतो. २०२१ साली शास्त्रज्ञांनी काटोलच्या दगडात ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोलवर हेच खनिज सर्वाधिक आहे, पण तिथवर कोणी पोहोचू शकत नाही. आमच्या गावाकडच्या आभाळातून पडलेल्या तुकड्याने पृथ्वीच्या पोटातली बातमी दिली! ते सारे तुकडे कोणाच्या दिवाणखान्यात जाऊन बसले असते तर?

मग संग्राहकांनी दगड घेऊच नयेत का? माझे मत तसे नाही. निनिंजरसारखे खरीदणारे नसते तर किती दगड कुंपणात आणि पायात गडप झाले असते. माझा सहा ग्रॅमांचा काप शास्त्राचे काही अडवून बसलेला नाही. त्याचा नमुना संस्थेत आहे आणि नोंद जगापुढे आहे. संग्राहक आणि तस्कर यांच्यातला फरक किमतीत नाही, या नोंदीत आहे.

मामांचा दगड

दिवाळीत मी मामांचा दगड घेऊन नागपूरला भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेले. मामा सोबत आले नाहीत. "तूच जा," एवढेच म्हणाले. प्राध्यापकांनी भिंग लावले, एक कोपरा घासला, माझ्या कापाशेजारी ठेवून मला पाहायला सांगितले. धातूचा एकही ठिपका नव्हता. साल नव्हती. ते शांतपणे म्हणाले, "बसाल्ट आहे. दख्खनच्या लाव्हाचा." परतीच्या एसटीत तो दगड मांडीवर घेऊन बसले होते. सांगायचे कसे, हा एकच विचार.

मामांनी ऐकून घेतले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग फडके सोडून दगड हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मंग हा तं आपल्याच वावरातला गोटा निघाला, बाई." मी त्यांना सांगितले की हा 'आपल्याच वावरातला गोटा' साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, याच्याच काळ्या मातीवर आपली संत्री पिकतात. ते हसले. पण फीचा प्रश्न हसून सुटणारा नव्हता. मामींची पाटली गहाण पडली, तेव्हा हप्ता भरला गेला.

दगड पुन्हा पेटीत गेला आहे. या वेळी मी त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवली : बसाल्ट, दख्खन पठार, बांधावर सापडला, मे २०१२, सोबत मामांचे नाव आणि गाव. खोटी आशा काढून घेतली, निदान खरा दाखला तरी द्यावा, असे वाटले.

वाचकहो, तुमच्याही गावात उद्या आकाश गडगडले आणि एखादा काळा दगड हाती आला, तर तो लपवू नका आणि हातोहात विकूही नका. स्वच्छ कोरड्या कागदात गुंडाळा, जागा आणि वेळ लिहून ठेवा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. दहांपैकी नऊ वेळा, किंबहुना त्याहूनही अधिक वेळा, तो आपल्याच वावरातला निघेल. पण एखाद्या वेळी तो मंगळाचाही असू शकतो. शेरघाटीच्या लोकांना तरी १८६५ साली कुठे ठाऊक होते?